आवाज-जुना

त्याला सगळे स्वेटर म्हणत. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी हा माणूस गळ्यापर्यंत बंद केलेला राखाडी स्वेटर घालून दवाखान्यात हिंडायचा, आणि नवे पेशंट त्याच्याकडे चोरून बघत याला नेमकं काय झालं असावं याचा अंदाज बांधायचे. झालं काहीच नव्हतं. तळघरातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत दवाखान्याचा सर्व्हर होता, सर्व्हरला गारवा लागायचा, आणि स्वेटरचा निम्मा दिवस त्या गारठ्यात जायचा. उरलेला निम्मा दिवस 'माझा पासवर्ड चालत नाही' म्हणणाऱ्यांच्या मागे जायचा. तो पासवर्ड बहुतेक वेळा त्यांनीच चुकीचा टाकलेला असायचा, पण स्वेटर ते तोंडावर बोलायचा नाही. 'मशीन जरा रुसलं होतं' म्हणायचा आणि निघून यायचा.

दवाखाना घशाचा होता. ज्यांची स्वरपेटी काढून टाकावी लागते असे लोक इथे यायचे. ऑपरेशनच्या आधी त्यांना एका गादी ठोकलेल्या छोट्या खोलीत बसवून शेकडो वाक्यं वाचायला लावत. त्या आवाजावरून मग संगणक त्यांचा आवाज शिकायचा, आणि तो शिकलेला आवाज तळहाताएवढ्या यंत्रात घालून देत. ऑपरेशननंतर माणसाने अक्षरं टाइप करायची, यंत्राने ती त्याच्याच आवाजात बोलायची. तुमच्या-माझ्यासारख्या बडबड्या लोकांना याची किंमत कळायची नाही. घशाला भोक पडलेला माणूस स्वतःच्या बायकोला 'दार लाव गं' एवढं सांगायला बाजारातल्या यंत्राचा परका, गुळगुळीत आवाज वापरताना एकदा बघावा, म्हणजे कळतं.

हे सगळं चालायचं स्वेटरच्या त्या एका डब्यावर. दिसायला एकच लोखंडी डबा, पण आत सात-आठ संगणक असल्याचं सोंग. नोंदणीचा वेगळा, औषधांचा वेगळा, तपासणीच्या चित्रांचा वेगळा, आवाजांचा वेगळा. प्रत्येकाला वाटायचं आपण स्वतंत्र आहोत, आपली स्वतःची डिस्क आहे. खरं म्हणजे प्रत्येकाची डिस्क ही मोठ्या डब्याच्या डिस्कवरची एक लठ्ठ फाइल होती, बस. स्वेटर त्यांना भाडेकरू म्हणायचा. कुठला भाडेकरू किती जागा खातो, कोण उगाच धापा टाकतो, कोणाला रात्री बंद करून सकाळी उठवावं लागतं, हे त्याला घरच्या माणसांच्या सवयींसारखं पाठ होतं.

आणि या दवाखान्याची एक खोड होती. काही म्हणजे काही फेकायचं नाही. नवीन मशीन केलं की जुनं बंद करून ठेवून द्यायचं, न जाणो लागलं तर. त्यामुळे यादीत नावं अशी: नोंदणी, नोंदणी-नवी, नोंदणी-नवी-शेवटची, नोंदणी-आता-हीच. नावं सगळी स्वेटरनेच ठेवलेली. कोणी हसलं तर हसणाऱ्यांत तो पहिला असायचा.

अक्का त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा याला धड चालताही येत नव्हतं. अक्का शाळेत होती, ती शाळा तिथेच थांबली. पुढे ती बस डेपोच्या चौकशी खिडकीवर लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच बसली. भोंग्याची तिला कधी गरज पडली नाही. कुठली गाडी कुठे लागली हे ती खिडकीतून सांगायची आणि पार टोकाच्या बाकावर डुलक्या घेणारा माणूस पिशवी उचलून पळत सुटायचा. घरीही तोच आवाज. भावाला ती ढब्बू म्हणायची. लहानपणी तो गुटगुटीत होता म्हणे. आता अंगावर मूठभर मांस उरलं नव्हतं तरी ढब्बूच. त्याच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा तिने पाहुण्यांसमोर 'आमचा ढब्बू' म्हणून त्याची अब्रू काढली होती.

तो आवाज बसायला लागला. आधी सर्दी म्हटलं, मग हवा, मग वय. शेवटी स्वेटरनेच तिला हाताला धरून आपल्या दवाखान्यात आणलं. तपासणीची चित्रं त्याच्याच मशीनवर उघडली, आणि डॉक्टरांचा चेहरा बघून त्याला काय ते कळलं.

स्वरपेटी काढायची म्हटल्यावर अक्का रडली नाही. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "म्हणजे मी असणार, पण असून नसल्यासारखी."

"असं कसं? तुझा आवाज माझ्याकडे राहणार आहे. माझ्याच मशीनवर. मी बसलोय ना तिथे," तो म्हणाला.

"तू बसलायस म्हणूनच काळजी आहे," ती म्हणाली. पण त्या रात्री बऱ्याच दिवसांनी ती शांत झोपली.

ध्वनिमुद्रण करणाऱ्या ताईंशी अक्काचं पहिल्याच दिवशी वाजलं. "ही काय वाक्यं? 'निळा पक्षी उंच उडतो.' मी जन्मात कोणाला असं म्हणाले नाही." ध्वनीताई हसून हसून बेजार. शेवटी त्यांनी ठरलेली वाक्यं उरकून घेतली आणि मग अक्काला मोकळं सोडलं. अक्काने गाड्यांची वेळापत्रकं म्हटली, भाजीवाल्याशी हुज्जत घातली, शेजारणीची नक्कल केली, ढब्बूला नावं ठेवली. घोगरा झाला होता तरी आवाज तिचाच होता. ते सगळं स्वेटरच्या 'आवाज' नावाच्या भाडेकरूच्या पोटात जाऊन बसलं.

आवाज तयार करायला संगणकाला वेळ लागतो, म्हणून त्याचीही रांग होती. तेवढ्यात सर्जनने ऑपरेशनची तारीख अलीकडे ओढली. ध्वनीताईंनी स्वतःहून विचारलं, "काका, अक्कांचं आधी घेऊ का?"

"नको नको. घरचं माणूस म्हणून रांग मोडायची नाही," स्वेटर म्हणाला. मुद्रण तर झालं होतं. आवाज आज तयार झाला काय, महिन्याने झाला काय. असं बोलताना त्याला स्वतःबद्दल जरा बरंही वाटलं. माणसाला बरं वाटायच्या जागाही कशा असतात बघा.

ऑपरेशन नीट पार पडलं. अक्का वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात होती, गळ्यात नळी, हातात लिहायची पांढरी पाटी. स्वेटर वर गेला की ती मनगटावर बोटाने टकटक करायची. कधी? तो म्हणायचा, "तुझा नंबर आलाय जवळ."

अशातच एके दिवशी सकाळी, दवाखाना उघडून तासभर होतो न होतो, तोच सगळं थिजलं. नोंदणीच्या खिडकीवरची मुलगी धावत खाली आली. "काका, काहीच हलत नाहीये. माउस फिरतोय फक्त. रांग दारापर्यंत गेलीय."

स्वेटरने पाहिलं आणि त्याला कारण लगेच कळलं. तपासणीच्या चित्रांचं मशीन फुगत फुगत गेलं होतं आणि मोठ्या डिस्कवर तिळाएवढी जागा उरली नव्हती. लिहायला जागा नाही म्हटल्यावर सगळे भाडेकरू होते तिथे श्वास धरून उभे. मेले नव्हते, थांबले होते. नवी डिस्क दीड वर्षापासून 'मागवलीय' या अवस्थेत होती.

पाठोपाठ मोठे डॉक्टर आले, दवाखान्याचे प्रमुख आणि सर्जन. त्या खोलीत ते कधी यायचे नाहीत. आले ते थेट त्याच्या खांद्यामागे उभे राहिले. "किती वेळ?"

"जागा करतो सर. काहीतरी काढून टाकतो, लगेच सुरू होईल."

"मग काढा ना. वाट कसली बघताय? आत ऑपरेशनची तयारी चाललीय, मला चित्रं हवीत."

स्वेटरने यादी वरून खाली पाहिली. त्यात एक धटिंगण फाइल होती. आवाज-जुना. दोन वर्षांत एकदाही चालू न केलेलं मशीन. फेकून द्यायला याच्याइतकं योग्य काही नव्हतंच. त्याने नाव दोनदा वाचलं, 'जुना' हा शब्द डोळे भरून पाहिला, आणि फाइल पुसली.

जागा मोकळी झाली नाही.

फाइल यादीतून गेली होती, पण जागा जिथल्या तिथे अडलेली. आता या धंद्यातल्या कुठल्याही माणसाला याचा अर्थ झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. एखादी फाइल कोणीतरी उघडून हातात धरलेली असेल, तर ती पुसली तरी खरी पुसली जात नाही. नाव जातं, फाइल राहते. धरणारा जोवर सोडत नाही तोवर. आणि तोवर ती परत उचलूनही आणता येते. एकच प्रश्न विचारायचा असतो: धरलंय कोणी? एरवी स्वेटरने तो आधी विचारला असता. पण एरवी त्याच्या मानेवर मोठ्या डॉक्टरांचा श्वास नसायचा.

"झालं का?" डॉक्टर म्हणाले.

"एकेक मशीन बंद करून चालू करतो. काहीतरी अडकलंय."

यादी अकारविल्हे होती. पहिलं नाव 'आवाज'. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत त्या वेळी कोणी पेशंट ताटकळत नव्हता, कोणाचं अडणार नव्हतं. स्वेटरने आधी तेच बंद केलं, आणि बंद होताक्षणी जागा भसाभस मोकळी झाली. बाकीचे भाडेकरू आपोआप हलायला लागले. वरून नोंदणीवाल्या मुलीची आरोळी आली, "चालू झालं!" डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ते ऑपरेशनला निघून गेले. स्वेटर मोठा श्वास सोडून हसलासुद्धा. मग त्याने 'आवाज' परत चालू करायला घेतलं.

पडद्यावर एकच ओळ आली. आधाराची फाइल सापडत नाही: आवाज-जुना.

तो ती ओळ बघत बसला. दोन वर्षांपूर्वी नवं मशीन करताना जागा नव्हती, म्हणून त्याने पूर्ण नक्कल न करता एक युक्ती केली होती. जुन्या डिस्कला हात लावायचा नाही, नवीन मशीनने फक्त नवीन जमा होईल तेवढं आपल्याकडे लिहायचं, बाकी सगळं जुन्यातून वाचायचं. नवी डिस्क आली की दोघांना वेगळं करू, असं ठरवलं होतं. आणि सवयीने त्या खालच्याला नाव दिलं, जुना. नवा त्याच्या खांद्यावर उभा होता हे त्याच्या एकट्याच्या डोक्यात होतं, आणि डोक्यातूनही कधीतरी निघून गेलं होतं.

त्याने घाईघाईने नवी फाइल तपासली. होती. चांगली जाडजूड, सहीसलामत. अक्काचा शब्दन् शब्द तिच्यात होता. क्षणभर त्याला हायसं वाटलं, आणि मग त्याला कुलूप आठवलं. पेशंटची माहिती कोणाच्या हाती लागू नये म्हणून त्या डिस्कवरचं सगळं कुलूपबंद लिहिलं जायचं. पासवर्ड त्याला पाठ होता. पण पासवर्ड नुसता दार ठोठावतो. उघडणारी खरी किल्ली डिस्कच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या कोपऱ्यात लिहिलेली असते. तो कोपरा पहिल्या दिवशी लिहिला गेला होता. म्हणजे जुन्यात.

मशीन चालू होतं तोवर ती किल्ली त्याच्या स्मरणातही होती. मशीन त्यानेच बंद केलं होतं.

आता एकच आशा होती. पुसलेली जागा मोकळी म्हणून जाहीर झाली असली तरी तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तिथेच पडून असतं. सगळं ताबडतोब थांबवलं, तर तो कोपरा कदाचित सापडेल. पण बाकीचे भाडेकरू आताच तर सुटले होते, आणि तासभर उपाशी असल्यासारखे मिळेल त्या जागेवर लिहीत सुटले होते.

तो जिने चढत धावला. ऑपरेशनच्या दाराशी मोठे डॉक्टर हात धुऊन उभे होते.

"सर, सगळं बंद करावं लागेल. आत्ता."

"काय बोलताय? आत्ताच तर चालू केलंत."

"आवाज गेले, सर. माझ्या हातून पुसले गेले. आत्ता थांबवलं तर कदाचित..."

"बॅकअप असेल ना?"

"आवाजांचा नाही. डिस्क आल्यावर घेणार होतो."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. "बरं. जे रांगेत आहेत त्यांना परत बोलवू. परत वाचतील."

"सगळे वाचतील. एकजण सोडून."

"कोण?"

"आमची अक्का."

डॉक्टरांनीच तिचं ऑपरेशन केलं होतं. ज्या गळ्याने परत वाचायचं तो गळा त्यांच्याच हाताने निघाला होता. ते ओरडले असते तर स्वेटरला बरं वाटलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "आत टेबलावर माणूस झोपवलाय. भूल दिलीय. त्याची चित्रं समोर उघडी असल्याशिवाय मी सुरी लावू शकत नाही. तुम्ही म्हणता तर बंद करतो. म्हणा."

स्वेटरने काचेतून आत पाहिलं. हिरव्या चादरीखाली कोणाचे तरी पाय दिसत होते. पायात साधे मोजे होते, एकाला टाचेवर रफू केलेलं.

"नको," तो म्हणाला. "आटोपून घ्या."

मग तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला. चित्रं सोडून बाकी सगळी मशीन त्याने फोनवरूनच बंद करून टाकली. खालून नोंदणीवाल्या मुलीचे फोनवर फोन आले, ते त्याने घेतले नाहीत. पण चित्रांचं मशीन चालू होतं, आणि जागा खाण्यात सगळ्यांत अधाशी तेच. आत यंत्र टिकटिकलं की त्याला कळायचं, आणखी एक चित्र आलं. आणखी एक. प्रत्येक चित्र कुठेतरी जाऊन बसणार. जागा अफाट मोठी आहे, कोपरा नखाएवढा आहे, नेमकं तिथेच कशाला जाईल, असं तो मनाला समजावत होता. देवाधर्माचं त्याला कधी सुचलं नव्हतं. त्या बाकावर मात्र तो कोणाला तरी हात जोडून म्हणत होता, तिथे नको, दुसरीकडे कुठेही लिही, तेवढं सोड.

ऑपरेशन संपलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन नुसती मान हलवली. स्वेटर खाली पळाला, सगळं थांबवलं, आणि डिस्कचा रिकामा म्हणवणारा भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळायला घेतला. दुपार त्यात गेली. ध्वनीताई शेजारी येऊन बसल्या, एकदा चहा ठेवून गेल्या, तो तसाच गार झाला. जुन्या डिस्कचे तुकडे सापडत होते. निळा पक्षी उंच उडतो ही वाक्यांची यादीसुद्धा सापडली, पहिल्याच दिवशी, कुलूप घालायच्या आधी ठेवलेली. शेवटी तो कोपरा जिथे असायला हवा होता ती जागा सापडली. त्याने ती उघडली.

तिथे एक चित्र होतं. सकाळच्या त्या रफूच्या मोज्यांच्या माणसाच्या घशाचं.

"काका, दुसरा काही मार्ग असेल ना? बाहेरचं कोणी? मोठी कंपनी वगैरे?" ध्वनीताई म्हणाल्या.

"हे कुलूप कोणाला उघडू नये म्हणूनच घालतात," तो म्हणाला. "मीच निवडलं होतं. त्यातल्या त्यात पक्कं बघून."

त्याने अक्काची ती फाइल दुसऱ्या डिस्कवर काढून घेतली, मग तिसऱ्या. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आत ती बोलत होती, भाजीवाल्याशी भांडत होती, त्याला नावं ठेवत होती, एक अक्षर गळालेलं नव्हतं. आणि हे जग असेपर्यंत त्यातलं एक अक्षर कोणाला ऐकू येणार नव्हतं.

तो वर गेला तेव्हा वॉर्डात संध्याकाळची जेवणं चालली होती. अक्का उशीला टेकून बसली होती. त्याला बघून तिने मनगटावर टकटक केलं.

त्याने स्टूल ओढलं. वाटेत त्याने चार-पाच प्रकारे सांगायचं ठरवलं होतं. मशीन बिघडलं म्हणावं. डिस्क जळाली म्हणावं. लोकांना आयुष्यभर 'मशीन रुसलं' म्हणून सांगितलं होतं, एकदा स्वतःसाठी सांगायला काय हरकत होती? पण तिच्यासमोर त्याला कधी खोटं बोलता आलं नव्हतं.

"अक्का, तुझा आवाज गेला," तो म्हणाला. "मी पुसला. चुकून. आता परत मिळत नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग भुवया वर करून विचारलं, सगळा?

"सगळा."

नळीतून हवा आत-बाहेर होत होती, तेवढाच आवाज. त्याने उशाशी ठेवलेली पाटी उचलून तिच्या हातात दिली. पेन उघडून दिलं. "लिही. काय वाट्टेल ते लिही. लिही ना गं."

अक्काने पाटी बाजूला सारली. हाताने त्याचा स्वेटर धरला, त्याला जवळ ओढलं आणि तोंड उघडून बोलायला लागली. एक वाक्य नव्हे, भरभरून. ओठ हलत होते, भुवया वरखाली होत होत्या, बोट त्याच्या छातीवर आपटत होतं, कपाळावरची शीर तटतटून फुगली होती. गळ्यातल्या भोकातून नुसता फुस्स फुस्स वारा येत होता.

आयुष्यभर तिचं बोलणं त्याने एका कानाने ऐकलं होतं. पुढचा शब्द काय येणार हे त्याला आधीच ठाऊक असायचं, म्हणून ऐकायची गरजच पडली नव्हती. आज तो तिच्या ओठांवर डोळे रोवून बसला होता, आणि त्याला एक शब्द कळत नव्हता. ती त्याला शिव्या देतेय, की जाऊ दे म्हणतेय, की आणखीच काही, एवढंही कळत नव्हतं.

"परत सांग, अक्का," तो म्हणाला. "हळू सांग. परत एकदा."

तिने परत सांगितलं. अगदी हळू, एकेका शब्दाला ओठ जुळवून, खिडकीवरच्या अडाणी उतारूला सांगावं तसं. सांगून झाल्यावर ती थांबली आणि कळलं का, अशा नजरेने त्याच्याकडे बघत राहिली.

"हो," तो म्हणाला. "कळलं."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि स्वेटर सोडून दिला.